विश्लेषण : लेन बदलणे ड्रायव्हिंग टेस्टच्या नियमात आहे, मग ते शिकायचे कुठे?

रायगडच्या किनाऱ्यावर दुपदरी रस्त्यांवर गाडी शिकलेला चालक आता दीड-दोन तासांत सहापदरी अटल सेतूवर पोहोचतो. लायसन्स मात्र दोन्हीकडे तेच चालते. लेन बदलण्याबाबत नियम काय सांगतो, टेस्टमध्ये चूक कुठे होते आणि मैदानावरची उणीव कशी भरून काढता येईल, याचा आढावा.

परीक्षा संपून उन्हाळी सुट्टी लागली की ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांवरचा लाल ‘एल’ अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या रस्त्यांवर जास्त दिसू लागतो. लर्निंग लायसन्स निघते, महिनाभर क्लास होतो आणि मग पक्क्या लायसन्सच्या टेस्टची तारीख मिळते. या भागातल्या उमेदवारांचे परिवहन कार्यालय पेणला आहे. गाड्यांवर दिसणारा ‘एमएच-०६’ हा त्याच कार्यालयाचा क्रमांक.

अलिबागहून पेण साधारण ३० किलोमीटर. कार्ले खिंड, पोयनाड करत वडखळपर्यंतचा रस्ता बहुतांश दुपदरी आहे. एक पदर जाण्याचा, एक येण्याचा. वडखळला मुंबई-गोवा महामार्ग लागतो आणि तिथून पेणपर्यंत चौपदरी रस्ता मिळतो. म्हणजे एकाच दिशेने जाणाऱ्या दोन लेन अनेक उमेदवारांना पहिल्यांदा भेटतात, त्या टेस्टला जाताना. आणि त्या वेळी बहुतेक जण मागच्या सीटवर बसलेले असतात.

नियमात लेन बदलणे आहे का?

आहे, आणि स्पष्ट शब्दांत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १५ हा ड्रायव्हिंग टेस्टचा नियम. उमेदवाराला काय काय करून दाखवता आले पाहिजे, याची लांबलचक यादी त्यात दिली आहे. आरसा जुळवणे, गाडी सुरळीत पुढे काढणे, चढावर मागे न घसरता थांबून पुन्हा निघणे, रिव्हर्स घेणे, ओव्हरटेक करणे, दुसऱ्याला ओव्हरटेक करू देणे. याच यादीत योग्य इशारा देऊन आणि काळजी घेऊन लेन बदलणे, हे स्वतंत्र कलम आहे.

यादीत आणखी एक कलम लेनशी थेट जोडलेले आहे. इशारा देण्याआधी, गाडी डावी-उजवीकडे घेण्याआधी, ओव्हरटेक करण्याआधी किंवा थांबण्याआधी आरशाचा योग्य वापर केला पाहिजे, असे ते सांगते. म्हणजे आधी आरसा आणि मग इंडिकेटर हा क्रम क्लासच्या सरांनी ठरवलेला नाही, तो नियमातच आहे.

लायसन्स मिळाल्यानंतरही हा विषय संपत नाही. मोटार वाहने (चालन) विनियम २०१७ नुसार जिथे लेन आखलेल्या आहेत तिथे गाडी लेनमध्येच चालवायची आणि योग्य इशारा दिल्यावरच लेन बदलायची. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर या विनियमांचा भंग केल्यास कलम १७७ अ नुसार ५०० ते १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. प्रकार धोकादायक वाहन चालवण्यात मोडला, तर कलम १८४ लागू शकते. त्यात पहिल्याच गुन्ह्याला तुरुंगवासाचीही शिक्षा होऊ शकते.

मग टेस्टच्या मैदानावर काय पाहिले जाते?

दुचाकीसाठी इंग्रजी आठचा आकडा. मोटारीसाठी पुढे जाणे, वळण घेणे, ‘एच’ आकारात रिव्हर्स घेणे, कुठे चढ असेल तर त्यावर थांबून निघणे. वेळ उरला आणि रस्ता रिकामा असला तर मोटार वाहन निरीक्षक शेजारी बसून एखादी फेरी मारायला सांगतात. राज्यात अनेक ठिकाणी टेस्टचे साधारण स्वरूप हेच आहे. तालुक्याच्या शिबिरात तर उपलब्ध असलेल्या जागेवरच टेस्ट घ्यावी लागते.

या सगळ्यातून स्टिअरिंग, क्लच आणि ब्रेकवरचा ताबा कळतो. तो महत्त्वाचा आहेच. पण आठचा आकडा काढताना मागून कोणी येत नसते. ‘एच’मध्ये शेजारच्या लेनमधून शंभरच्या वेगाने कोणी जात नसते. लेन बदलण्यासाठी किमान दोन समांतर लेन, थोडा वेग आणि मागे एक तरी गाडी हवी. बहुतेक मैदानांवर यातले काहीच नसते. त्यामुळे नियमातले हे कलम कागदावर राहते आणि उमेदवारही ते मनावर घेत नाही.

स्वयंचलित ट्रॅकमुळे चित्र थोडे बदलले आहे. पुण्यात भोसरीच्या आयडीटीआर ट्रॅकवर मोटारीची टेस्ट सेन्सरच्या मदतीने होते. चाक कडेला लागले किंवा गाडी चढावर मागे घसरली की यंत्र नोंद करते आणि ओळखीचा उपयोग होत नाही. मात्र जमिनीवरच्या सेन्सरला चाक कुठे गेले हे कळते, चालकाची नजर आरशात गेली की नाही हे कळत नाही.

त्यावरही उपाय निघाला आहे. उत्तराखंडमध्ये देहरादूनच्या आयडीटीआरमध्ये २०१९ पासून मायक्रोसॉफ्ट रिसर्चची ‘हॅम्स’ ही यंत्रणा वापरली गेली. गाडीच्या पुढच्या काचेवर एक स्मार्टफोन लावायचा, एका कॅमेऱ्याने चालक आणि दुसऱ्याने रस्ता टिपायचा. लेन बदलण्याआधी चालकाने आरशात पाहिले का, हेही ही यंत्रणा तपासू शकते. म्हणजे हे कलम यंत्राने तपासणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य राहिलेले नाही.

रायगडमध्ये हा प्रश्न जास्त गंभीर का?

कारण या एकाच जिल्ह्यात रस्त्यांची दोन टोके आहेत. एकीकडे अलिबाग-रेवदंडा-मुरूडसारखे रस्ते आहेत. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्येच कुंपणाची दगडी भिंत, समोरून एसटी आली की एकाने कडेला दबायचे. दुसरीकडे कळंबोलीपासून खोपोलीकडे जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आहे. २००२ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झालेला हा सहापदरी रस्ता, दोन्ही दिशांना तीन-तीन लेन असलेला.

त्यात १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूची भर पडली. शिवडीहून निघालेला २१.८ किलोमीटरचा हा सहापदरी पूल उरण तालुक्यात चिर्ले इथे उतरतो. मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, पुलावर चढता-उतरताना ४०. दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही. धरमतर खाडीवरच्या रेवस-करंजा पुलाचे काम सुरू आहे. तो झाला की अलिबाग तालुक्यातून उरण आणि पुढे अटल सेतू आणखी जवळ येईल.

उलट दिशेनेही तेच घडते. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू आहे. द्रुतगती मार्गाची सवय असलेला मुंबईचा चालक शनिवारी सकाळी थेट मांडव्याला उतरतो आणि पुढच्या दहा मिनिटांत आखीव लेन नसलेल्या रस्त्यावर असतो. त्याच रस्त्यावर स्टँडसमोर थांबणारी मिनीडोअर, मासळीची टोपली मागे बांधलेली दुचाकी आणि क्लासची ‘एल’ लावलेली गाडी असते.

या दोन्ही प्रकारच्या चालकांकडे सारखेच लायसन्स असते. किनाऱ्यावर शिकलेल्याला महामार्गावर जाण्यापूर्वी दुसरी टेस्ट द्यावी लागत नाही. त्यामुळे लेन बदलण्याची खरी परीक्षा लायसन्स खिशात आल्यानंतर होते. तेव्हा शेजारी दुसरा ब्रेक असलेले सर नसतात, घरची माणसे असतात.

लेन बदलताना नेमके काय घडते?

थोडे साधे गणित करू. ताशी वेगाला ३.६ ने भागले की एका सेकंदात गाडी किती मीटर जाते ते कळते. ताशी ४० म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. ताशी १०० म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर.

एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते. तीन सेकंद इंडिकेटर आणि चार सेकंद सावकाश सरकणे, असे सात सेकंद धरले तर ४० च्या वेगाने लेन बदलेपर्यंत गाडी ७८ मीटर पुढे जाते. १०० च्या वेगाने हेच अंतर १९५ मीटर होते. कृती तीच असली तरी तिला लागणारा रस्ता अडीचपट वाढतो. गावातल्या अंदाजाने महामार्गावर लेन बदलणाऱ्याचा हिशेब इथे चुकतो.

आता मागच्या गाडीचे पाहू. समजा तुम्ही ताशी ६० ने टँकरच्या मागे आहात. उजव्या लेनमधून एक मोटार ताशी १०० ने येते आहे आणि ती तुमच्यापासून ५० मीटर मागे आहे. आरशात हे अंतर भरपूर वाटते. पण दोघांच्या वेगातला फरक ताशी ४०, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. साडेचार सेकंदांत ती तुमच्या शेजारी असेल. तुम्ही लेन बदलायला चार सेकंद घेणार असाल, तर ती पोहोचेल तेव्हा तुमची गाडी नुकतीच तिच्यासमोर आलेली असेल.

म्हणून आरशात एकदा पाहून भागत नाही. एका नजरेत गाडी दिसते, तिचा वेग दिसत नाही. दोन नजरांमध्ये ती किती मोठी झाली, यावरून वेग कळतो. शिवाय डाव्या बाजूचा आरसा साधारणपणे बहिर्वक्र असतो. त्यात जास्त भाग दिसतो, पण गाडी असते त्यापेक्षा लांब भासते.

योग्य क्रम कोणता?

टेस्ट असो वा महामार्ग, क्रम एकच ठेवावा.

१. कारण ठरवा. पुढे संथ गाडी आहे, वळण घ्यायचे आहे की लेन संपते आहे? कारण नसेल तर आहे त्या लेनमध्ये राहा.

२. रेषा पाहा. तुटक रेषा सुरक्षित असेल तर ओलांडता येते. सलग रेषा ओलांडायची नाही. दोन रेषा शेजारी असतील आणि तुमच्या बाजूची तुटक असेल तरच ओलांडता येते.

३. आतला आरसा, मग ज्या बाजूला जायचे त्या बाजूचा आरसा पाहा.

४. इंडिकेटर द्या आणि गाडी सरळच चालू द्या. किमान तीन सेकंद. मागच्याला तुमचा इरादा कळायला एवढा वेळ लागतोच.

५. पुन्हा बाजूचा आरसा पाहा आणि खांद्यावरून एक झटपट नजर टाका. आरशात न दिसणारा कोपरा, ज्याला ब्लाइंड स्पॉट म्हणतात, तिथे एक दुचाकी सहज लपते.

६. जागा असेल तरच स्टिअरिंग अगदी थोडे फिरवा. ब्रेक दाबू नका, वेग कायम ठेवा.

७. नव्या लेनच्या मध्यावर आलात की इंडिकेटर बंद झाला का ते पाहा. लेन बदलताना स्टिअरिंग फारसे फिरत नाही, त्यामुळे इंडिकेटर अनेकदा आपोआप बंद होत नाही.

८. दोन लेन ओलांडायच्या असतील तर एक ओलांडून स्थिर व्हा आणि सगळा क्रम पुन्हा करा.

निरीक्षकासमोर चूक कुठे होते?

पहिली चूक म्हणजे इंडिकेटर आणि स्टिअरिंग एकदमच. हात खाली जातो आणि त्याच क्षणी गाडी वळते. अशा इंडिकेटरचा मागच्याला काही उपयोग नाही. इंडिकेटर दिला म्हणजे रस्ता आपला झाला, हा समजही इथूनच येतो. इंडिकेटरने आपण फक्त इरादा सांगतो. जागा आहे की नाही, हे आरसाच सांगतो.

दुसरी चूक, न दिसणारे पाहणे. उमेदवार फक्त डोळे फिरवतो आणि शेजारी बसलेल्या निरीक्षकाला ते कळत नाही. मान किंचित वळवून आरसा पाहा, म्हणजे तुम्ही पाहिले हे त्यांनाही दिसते.

तिसरी चूक गाडीत बसतानाच होते. बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यावर धक्का लागू नये म्हणून बाजूचे आरसे मिटून ठेवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. क्लासची गाडी दिवसभर वेगवेगळ्या उंचीची माणसे चालवतात, त्यामुळे आरसा आधीच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांना जुळवलेला असतो. टेस्टच्या यादीत आरसा जुळवणे अगदी सुरुवातीला आहे, ते याचसाठी. सीट, आरसे, सीटबेल्ट आणि मग चावी, एवढा वेळ हक्काने घ्या.

चौथी चूक, लेन बदलताना वेग कमी करणे. घाबरल्यावर पाय ब्रेकवर जातो. पण वेगवान लेनमध्ये शिरताना वेग कमी केला तर मागच्याशी असलेला फरक आणखी वाढतो. वर पाहिलेल्या गणितातले साडेचार सेकंद मग तीनवर येतात.

हाताचे इशारेही तयार ठेवा. नियमात हाताने किंवा इंडिकेटरने, दोन्ही प्रकारे इशारा मान्य आहे आणि निरीक्षक ते विचारू शकतात. उजवीकडे जाताना उजवा हात खिडकीतून सरळ बाहेर, तळवा पुढे. मागच्याला पुढे जाऊ द्यायचे असेल तर हात मागून पुढे हलवायचा.

दुपदरी रस्त्यावर लेन बदलण्याचा प्रश्नच कुठे येतो?

येतो, आणि तिथे तो जास्त जोखमीचा असतो. दुपदरी रस्त्यावर शेजारची लेन समोरून येणाऱ्याची असते. तिथे लेन बदलणे म्हणजे ओव्हरटेक.

समजा पुढे एसटी ताशी ४० ने चालली आहे आणि तुम्ही ६० ने तिला मागे टाकता. मागचे आणि पुढचे सुरक्षित अंतर, बसची लांबी आणि तुमची गाडी धरून सुमारे ४५ मीटरची आघाडी घ्यावी लागते. वेगातला फरक सेकंदाला साडेपाच मीटर. म्हणजे आठ सेकंद तुम्ही चुकीच्या बाजूला असता. तेवढ्यात तुम्ही १३३ मीटर जाता आणि समोरून ६० ने येणारी गाडीही तेवढीच जवळ येते. सुरुवातीलाच २७० मीटरच्या आसपास मोकळा रस्ता दिसायला हवा. वळणावळणाच्या किनारी रस्त्यावर एवढा सरळ तुकडा क्वचित मिळतो. वाडीच्या वळणावर तर तो नसतोच.

इथे आणखी एक गोंधळ आहे. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला की काही जण ‘पुढे जा’ असा अर्थ लावतात. काही ट्रकचालक त्याच अर्थाने तो देतातही. पण कायद्याने उजवा इंडिकेटर म्हणजे ‘मी उजवीकडे जातोय’ एवढेच. त्या दिव्याच्या भरवशावर बाहेर पडलात आणि ट्रक खरोखरच गावाच्या फाट्याला उजवीकडे वळला, तर पळायला जागा उरत नाही. असा इंडिकेटर दिसला की थांबून पाहा. टेस्टमध्येही हेच उत्तर बरोबर आहे.

लेन संपते तेव्हा काय करायचे?

लेन बदलण्यातला सर्वात फसवा प्रकार हाच आहे, कारण तिथे निवड तुमची नसते. राज्याला याची आठवण आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची मोटार पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मिस्त्री आणि आणखी एका सहप्रवाशाचा मृत्यू झाला. पुलाजवळ तीन लेनचा रस्ता दोन लेनचा होतो. तिसऱ्या लेनमधली मोटार वेळेत दुसऱ्या लेनमध्ये आली नाही, असे पोलीस तपासात पुढे आले. मागच्या सीटवरच्या सीटबेल्टची आणि रस्त्याच्या रचनेचीही त्यानंतर देशभर चर्चा झाली.

त्याच्या तीनच आठवडे आधी, १४ ऑगस्टला, शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांचा द्रुतगती मार्गावर रायगड हद्दीत माडप बोगद्याजवळ अपघाती मृत्यू झाला होता. या दोन घटनांनंतर लेनची शिस्त हा विषय ऐरणीवर आला. १ डिसेंबर २०२२ पासून द्रुतगती मार्गावर परिवहन विभागाने सहा महिन्यांची विशेष तपासणी मोहीम घेतली. जुलै २०२४ पासून तिथे कॅमेऱ्यांची आयटीएमएस यंत्रणा सुरू झाली आणि लेन मोडणाऱ्यांनाही ई-चलान जाऊ लागले.

रायगडमध्ये लेन संपण्याचा अनुभव मुंबई-गोवा महामार्गावर रोजचा आहे. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. इंदापूर आणि माणगावचे बायपासही रखडले. परिणामी चौपदरी रस्त्यावरून वेगात आलेली गाडी अचानक वळणरस्त्यावर किंवा दुपदरी तुकड्यावर येते. डोळवीच्या पोलाद कारखान्याकडे जाणारे ट्रेलर आणि उरणच्या बंदराचे कंटेनर याच पट्ट्यात असतात.

अशा ठिकाणी फलक दिसताच लेन बदलायची तयारी करावी, रस्ता संपेपर्यंत वाट पाहू नये. शेजारी ट्रेलर असेल तर त्याच्या पुढे घुसण्याऐवजी वेग कमी करून त्याच्या मागे जावे. जी लेन चालू राहते तिच्यातल्या गाड्यांचा हक्क आधी, हे मनात ठेवावे.

इतर देशांत काय करतात?

ब्रिटनमधली प्रॅक्टिकल टेस्ट सुमारे ४० मिनिटांची आणि प्रत्यक्ष वाहत्या रस्त्यावरची असते. तिथे नापास होण्याच्या नेहमीच्या कारणांत दिशा बदलताना आरसा नीट न पाहणे हे वरच्या क्रमांकावर असते. तरीही तिथे बरीच वर्षे शिकाऊ चालकांना मोटरवेवर बंदी होती. लायसन्स मिळाल्यावर ते थेट वेगवान रस्त्यावर जात. ही उणीव ओळखून ४ जून २०१८ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये शिकाऊ चालकांना मान्यताप्राप्त प्रशिक्षकासोबत आणि दुहेरी ब्रेकच्या गाडीत मोटरवेवर सरावाची मुभा देण्यात आली. टेस्ट तीच राहिली, सराव वाढवला.

नापास झालात तर?

लर्निंग लायसन्स सहा महिने वैध असते आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्ससाठी टेस्ट देता येते. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झाल्यास शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा उमेदवाराला ड्रायव्हिंग स्कूलमधून उजळणीचे प्रशिक्षणही घ्यावे लागते.

आरटीओच्या टेस्टमधून सूट मिळते का? मिळते, पण फक्त अधिमान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राचे प्रमाणपत्र असेल तर. ही तरतूद १ जुलै २०२१ पासून लागू आहे. हलक्या वाहनाचा तिथला अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तासांचा, त्यातले २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे. नेहमीच्या ड्रायव्हिंग स्कूलला ही सूट नाही. १ जून २०२४ पासून आरटीओची टेस्टच बंद होणार, असे संदेश तेव्हा फिरले होते. नियमांत असा बदल झालेला नाही, असा खुलासा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्याच वेळी केला.

यातून मार्ग काय?

पहिला मार्ग मैदानावरच आहे आणि तो स्वस्त आहे. ताशी ३० च्या वेगाने गाडी सेकंदाला ८.३ मीटर जाते. तीन सेकंद इंडिकेटर, चार सेकंद सरकणे आणि दोन सेकंद स्थिर होणे, असे ७५ मीटर पुरतात. वेग घ्यायला आणि थांबायला जागा धरली तरी सव्वाशे मीटरची सरळ पट्टी आणि मध्ये एक तुटक पांढरी रेषा एवढेच लागते. मागे पुढच्या उमेदवाराची क्लासची गाडी, तिच्या प्रशिक्षकासह, ठेवली की आरशात पाहण्यासारखे काहीतरी असेल. यातून १०० च्या वेगाचा अनुभव मिळणार नाही, हे खरे. पण आधी आरसा पाहायची सवय आहे की नाही, हे ३० च्या वेगातही कळते. हे कलम टेस्टमध्ये विचारले जाते, हे एकदा समजले की क्लासवाले ते आपोआप शिकवू लागतील.

दुसरा मार्ग क्लासच्या हातात आहे. नियमानुसार बिगर-परिवहन वाहनाचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालवणे किमान १० तासांचे असते. या दहा तासांतला एक तास चौपदरी रस्त्यावर द्यायला वेगळ्या परवानगीची गरज नाही. किनाऱ्यावरच्या क्लासला त्यासाठी वडखळपर्यंत जावे लागेल, डिझेल जास्त जाईल आणि फी थोडी वाढेल, ही अडचण आहे. दोन-तीन विद्यार्थी एकत्र नेले तर तो खर्च वाटला जातो.

तिसरा मार्ग उमेदवाराचा. ‘सगळेच लेन मोडतात, मी एकट्याने पाळून काय होणार’ हा प्रश्न नेहमी येतो. उजव्या लेनमध्ये संथ ट्रक अडून बसतात आणि मोटारी डावीकडून काढल्या जातात, हे द्रुतगती मार्गावर रोज दिसते. पण अशाच रस्त्यावर आरसा जास्त लागतो. सगळे शिस्तीत असतील तर मागचा कुठे असेल याचा अंदाज तरी बांधता येतो. शिस्त नसेल तर प्रत्येक वेळी पाहूनच हलावे लागते.

म्हणून क्लासची फी भरतानाच विचारा, चौपदरी रस्त्यावर किती वेळ चालवायला मिळेल? टेस्टच्या आधीच्या आठवड्यात, शनिवार-रविवार टाळून, सकाळी लवकर वडखळ ते पेण एकदा जा. लर्निंग लायसन्स जवळ ठेवा, गाडीला ‘एल’ असू द्या, प्रशिक्षक शेजारी बसू द्या. डाव्या लेनमध्ये सुरुवात करा, रस्ता रिकामा असताना पाच वेळा उजवीकडे आणि पाच वेळा परत डावीकडे या. प्रत्येक वेळी आरसा, इंडिकेटर, तीन सेकंद, पुन्हा आरसा, खांद्यावरून नजर. टेस्टला निरीक्षकांनी लेन बदलायला सांगितले तर तुम्हाला ते येत असेल. सांगितले नाही, तरी अटल सेतूवर पहिल्यांदा जाल तेव्हा ते येत असेल.